हौद उघडतांना



कर्जत, लोणावळें, मुळशी या बाजूस हल्लीं बंगल्याबंगल्यांच्या आवारांत पोहण्याचे हौद झाले आहेत. पावसाळ्याचे चार महिने त्यांकडे सहसा कोणी फिरकत नाहीं. मग दिवाळीच्या सुटींत मुलें यावयाचीं म्हणून हौद घाईघाईनें उघडला जातो, पालापाचोळा काढतात, हिरवट पाण्यांत ब्लीचिंग पावडरीचा एक डबा ओततात, आणि दोन दिवसांनीं तळ दिसूं लागला कीं पाणी शुद्ध झालें असें समजून मुलें उड्या घेतात. तळ दिसला पाहिजे हें खरेंच. ज्या पाण्याचा तळ दिसत नाहीं त्यांत बुडालेलें मूल कोणास दिसणार नाहीं, म्हणून गढूळ पाण्यांत कोणास उतरूंच देऊं नये. परंतु स्वच्छ दिसणें निराळें आणि निर्जंतुक असणें निराळें.

पाण्यांत क्लोरीन मिसळला म्हणजे त्याचीं दोन रूपें होतात. एकास हायपोक्लोरस ॲसिड म्हणतात. जंतूंचा संहार करतें तें हेंच. दुसरें रूप हायपोक्लोराइट. तें त्याच कुळांतलें, पण कामाला फार मंद. या दोहोंची वांटणी कशी व्हावयाची, हें पाणी किती आम्ल वा किती अल्कली आहे यावर ठरतें. तें मोजण्याचें जें माप, त्यास पीएच म्हणतात. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत सोरेन्सन या डेनिश शास्त्रज्ञानें १९०९ सालीं तें प्रथम मांडलें. सात हा मध्य; त्याखालीं आम्ल, त्यावर अल्कली. पीएच ७ असतां सुमारें तीन चतुर्थांश क्लोरीन कामकरी रूपांत असतो, ७.५ ला निम्मा, ८ ला जेमतेम चौथाई, आणि ८.५ ला अवघा दहावा हिस्सा. म्हणजे दोन हौदांत क्लोरीन सारखाच घातला असतां एकांतील जंतु मरावे आणि दुसऱ्यांतील सुखानें नांदावे, हें सहज शक्य आहे.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं बोअरच्या पाण्यानें हौद भरला होता. पाणी हिरवें झालें कीं ते पावडर ओतीत. पुन्हा हिरवें झालें, पुन्हा ओतीत. तीन डबे संपले, नातवंडांचे डोळे लाल झाले, आणि शेवाळ मात्र जागच्या जागीं! मोजून पाहतां पीएच ८.४ भरला. ब्लीचिंग पावडरींत चुना असतो, त्यामुळें ती पीएच वरच चढवते. म्हणजे जों जों पावडर पडे तों तों तिचीच शक्ति क्षीण होई. थोडें हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून पीएच ७.४ वर आणल्यानंतर दोन दिवसांत पाणी निवळलें.

तेव्हां क्रम महत्त्वाचा. प्रथम पाला व गाळ काढावा, भिंती व तळ घासावा, पाणी पातळीपर्यंत भरून पंप एक संपूर्ण दिवस चालवावा, म्हणजे वरचें व तळचें पाणी एकजीव होईल. त्यापूर्वीं तपासणी करणें म्हणजे न ढवळलेल्या कढीची चव पाहण्यासारखें आहे. मग प्रथम क्षारता, नंतर पीएच, आणि क्लोरीन सर्वांच्या शेवटीं.

क्षारता आणि पीएच या दोहोंत पुष्कळांचा घोटाळा होतो. रिकामें तारूं लाटेबरोबर हेलकावतें; तळाशीं दगड भरले कीं तें स्थिर राहतें. क्षारता ही त्या दगडांच्या जागीं आहे. ती पुरेशी असेल तर ॲसिड वा चुना थोडाफार पडला तरी पीएच डळमळत नाहीं. चार महिने पावसाचें पाणी सांचलेल्या हौदांत ती फार उतरलेली असते; बोअरच्या पाण्यांत बहुधा जास्त असते. लिटरास ८० ते १२० मिलिग्रॅम इतकी ती असावी. कमी असल्यास आपल्या स्वयंपाकघरांतला खाण्याचा सोडा घालावा. धुण्याचा सोडा नव्हे. तो पीएचच एकदम उंच नेतो.

आतां थोडें गणित करूं. हौद २५ फूट लांब, १२ फूट रुंद आणि सरासरी ४ फूट खोल आहे असें धरा. गुणाकार १,२०० घनफूट, घनफुटास २८.३ लिटर, म्हणजे सुमारें ३४,००० लिटर पाणी. क्षारता १० नें वाढविण्यास हजार लिटरांस सुमारें १७ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. तपासणींत क्षारता ४० आढळली आणि ती ९० करावयाची आहे, तर १७ गुणिले ५ गुणिले ३४, म्हणजे सुमारें २,९०० ग्रॅम. तो एकदम न घालतां निम्मा घालावा, पंप चालवावा, दुसऱ्या दिवशीं पुन्हा मोजावें. अंदाजपंचें मूठमूठ टाकणाऱ्यास या हिशेबाचा कंटाळा येतो. पण तीन डब्यांच्या किमतीपेक्षां हा गुणाकार स्वस्त आहे.

पाण्यांतल्या चुन्याचाही विचार हवा. ज्या पाण्यांत चुना कमी तें पाणी भुकेलें असतें व तें गिलाव्यांतून आणि फरशीच्या सांध्यांतून चुना ओढून घेतें. ज्यांत तो अति, तें भिंतीवर व नळांत पांढरे थर बसवितें. या भुकेचें गणित लँगेलियर या अमेरिकन प्राध्यापकांनीं १९३६ मध्यें मांडलें. पावसाचें पाणी भुकेलें असतें, एवढें लक्षांत ठेवलें तरी पुरे.

पीएच ७.२ ते ७.६ मध्यें आला म्हणजे क्लोरीनची पाळी. प्रथम मोठी मात्रा द्यावी, लिटरास १० मिलिग्रॅमपर्यंत. आपल्या ३४,००० लिटरांस ताजी ब्लीचिंग पावडर सुमारें एक किलो लागेल. ६५ टक्के क्लोरीनचे दाणे असतील तर सव्वापांचशें ग्रॅम. पावडर बादलींत कालवून, निवळी तेवढी घालावी आणि चोथा टाकून द्यावा. हें काम सायंकाळीं करावें, कारण उन्हानें उघड्या पाण्यांतला क्लोरीन कांहीं तासांतच उडून जातो. तो टिकावा म्हणून सायन्यूरिक ॲसिड घालतात. गोळ्यांच्या क्लोरीनमध्यें तें अगोदरच असतें. पण तें उडत नाहीं आणि संपतही नाहीं. गोळ्याच वापरीत राहिल्यास तें सांचत जातें आणि क्लोरीनचा हातच धरून ठेवतें. मग पाणी बदलण्यावांचून गत्यंतर नाहीं. तें ३० ते ५० मिलिग्रॅमच्या आंत राहूं द्यावें.

पुष्कळांना वाटतें, क्लोरीनचा उग्र वास आला कीं हौद चोख. वस्तुतः तो वास घाम व मूत्र यांच्याशीं संयोग होऊन खर्ची पडलेल्या क्लोरीनचा असतो. डोळे चुरचुरतात तेही बव्हंशीं त्यामुळेंच. म्हणून पाण्यांत उतरण्यापूर्वीं अंग धुण्याचा नियम केवळ शिष्टाचाराचा नव्हे. पिवळा रंग देणारे जे थेंब बाजारांत मिळतात ते हा खर्चिलेला आणि खरा क्लोरीन एकत्रच मोजतात. गुलाबी रंगाची डीपीडी तपासणी ते निराळे दाखविते. तीच घ्यावी.

हें एवढें जपावें कशासाठीं? २०२४ मध्यें केरळांत नाकावाटे मेंदूंत शिरणाऱ्या अमीबाच्या रोगानें मुलें दगावलीं. हा जीव उबदार, सांचलेल्या गोड्या पाण्यांत वाढतो. योग्य मात्रेंतला क्लोरीन त्याला मारतो. उलट क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा जीव नीट ठेवलेल्या पाण्यांतही आठवडाभर टिकूं शकतो. म्हणून ज्या मुलास जुलाब होत असतील त्यास पाण्यांत सोडूंच नये.

औषधें हाताळतांना तर दुर्लक्ष मुळींच चालावयाचें नाहीं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच बादलींत कधींही मिसळूं नयेत. क्लोरीन वायु निघतो, आणि हाच वायु २२ एप्रिल १९१५ रोजीं ईप्रच्या रणांगणावर सोडला गेला होता. गोळ्या व पावडरही एकत्र ठेवूं नयेत. भडका उडूं शकतो. ॲसिड पाण्यांत घालावें, पाणी ॲसिडांत नव्हे. हातमोजे व चष्मा घालावा, वाऱ्याकडे पाठ करावी, मुलांना दूर ठेवावें, आणि माळ्यास हें काम सांगावयाचें असल्यास हे सर्व नियम त्यास त्याच्या भाषेंत समजावून द्यावे. नुसतें "दोन डबे टाक" म्हणून निघून जाणें बरें नव्हे.

दुसऱ्या दिवसापासून क्लोरीन उतरूं लागेल. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं मोजून पाहावें. रात्रींतून तो लिटरास एक मिलिग्रॅमहून अधिक घटला, तर पाण्यांत अद्याप शेवाळ वा घाण जिवंत आहे असें समजावें व मात्रा चालूच ठेवावी. पाणी नितळ झालें, रात्रीची घट थांबली, क्लोरीन १ ते ३ मिलिग्रॅमवर (सायन्यूरिक ॲसिड असल्यास निदान २) आणि पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान स्थिर झाला, म्हणजे मुलांना हांक मारावी. पुढें सुटी संपेपर्यंत रोज सकाळीं एकदां तपासणी, आणि पाहुणे फार आले असतील त्या दिवशीं सायंकाळींही.