एकच टोमॅटो, वजन अर्धा किलो!

ओतूर - उन्हाळ्याच्या अखेरीस ओतूर परिसरात रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांबू, तार आणि सुतळीवर चढविलेले टोमॅटोचे मळे दिसू लागतात. हा माल नारायणगावच्या उपबाजारात २० किलोच्या क्रेटने विकला जातो आणि तेथून परराज्यांत रवाना होतो. ट्रकचा प्रवास सोसावा म्हणून संकरित वाणांचे हे फळ घट्ट व जाड सालीचे असते. पातळ सालीचा, खोबणीदार, ४०० ते ५०० ग्रॅम वजनाचा टोमॅटो या क्रेटमध्ये दुसऱ्या दिवशीच फुटेल. तो खायचा तर घरच्या परसातच पिकवावा लागतो.

असे वाण पाश्चात्त्य देशांत 'एअरलूम' म्हणून ओळखले जातात. घरोघरी बी राखून पुढच्या पिढीकडे सोपविलेले, म्हणजे आपल्या भाषेत पिढीजात वाण. गुलाबी 'ब्रँडीवाइन', जांभळट 'चेरोकी पर्पल' ही त्यांतील प्रसिद्ध नावे. 'मॉर्गेज लिफ्टर' म्हणजे गहाण सोडविणारा! अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या चार्ली बाइल्स यांनी १९३०च्या दशकात तो निवडून तयार केला आणि त्याची रोपे एक डॉलरला एक या दराने विकून सहा वर्षांत घराचे कर्ज फेडले, असे सांगितले जाते.

फळ एवढे मोठे का होते? रानटी टोमॅटोत बियांचे दोनच कप्पे असतात. माणसाने शतकानुशतके केलेल्या निवडीत जास्त कप्प्यांची झाडे टिकली. त्यामुळे या वाणांची पहिली फुले कित्येकदा दोन-तीन फुले जोडल्यासारखी दिसतात. तो रोग नव्हे.

ओतूरमध्ये खरा प्रश्न आहे हंगामाचा. दिवसाचे तापमान ३२ अंशांच्या वर गेले की परागकण दुबळे होतात. रात्री पारा १३ अंशांखाली उतरला की फळधारणा मंदावते आणि फळे वेडीवाकडी होतात. मळ्यांतील पीक उन्हाळा-पावसाळ्यात निघते, मात्र मोठ्या वाणांना तो काळ मानवत नाही. म्हणून ऑगस्टच्या पूर्वार्धात कीटकरोधक जाळीखाली बी टाकावे, सप्टेंबरच्या मध्यास रोप लावावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फळे धरली, तर डिसेंबरपासून तोडणी सुरू होते. पुनर्लागणीनंतर ८० ते ९० दिवस थांबण्याची तयारी हवी.

झाड सतत वाढत राहते, त्यामुळे सहा फुटी बांबू रोवून एक किंवा दोनच फांद्या ठेवाव्यात. घोसातील दोन-तीन फळे राखून बाकीची खुडावीत. कुंडी ४० लिटरपेक्षा लहान नको. फळाचे बूड काळे पडले की अनेक जण चुना टाकतात. पण काळ्या जमिनीत बहुधा चुन्याची वाण नसते, पाणी अनियमित मिळाल्याने तो फळापर्यंत पोहोचत नाही. रोज थोडे, सारख्या मापाने पाणी द्यावे. रंग फिरू लागताच फळ तोडून घरात पिकविल्यास तडे जात नाहीत.

सर्वांत नाजूक बाब विषाणूंची. नव्या संकरित वाणांपैकी अनेकांत काही रोगांविरुद्धची प्रतिकारशक्ती असते, जुन्यांत ती बहुधा नसते. २०२०मध्ये या पट्ट्यात शेतकऱ्यांनी 'तिरंगा' म्हटलेल्या रोगाने टोमॅटोचे मोठे नुकसान केले. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत काकडीवरील मोझॅक विषाणू आढळला. तो मावा पसरवितो. पर्णगुच्छ पांढऱ्या माशीमुळे पसरतो. पाने गोळा झालेले रोप परसात कौतुकाने ठेवणे म्हणजे शेजारच्या मळ्याला धोका. ते तत्काळ उपटून नष्ट करावे.

अमेरिकेतील नातेवाइकांकडून पाकिटातून बी मागविण्याचा मोहही टाळावा. २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवान्याशिवाय व रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय बियाणे आणता येत नाही. हा निव्वळ कागदी सोपस्कार नाही. २०१४मध्ये इस्रायलमध्ये प्रथम दिसलेला, फळांवर तपकिरी खरबरीत डाग पाडणारा विषाणू बियांवाटेही देशोदेशी गेला. ज्या तालुक्याचा संसार टोमॅटोवर चालतो, तेथे हौसेची किंमत दुसऱ्याने का मोजावी? देशातील बीजसंवर्धकांकडून बी घ्यावे. शेजारच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभारली. २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेथून मिळणारे वाण आकाराने अमेरिकी नसतील, पण आपल्या हवेत मुरलेले असतात.

एकदा झाड साधले की बी विकत घ्यावे लागत नाही. संकरित वाणाच्या बियांतून पुढच्या वर्षी मिश्र गुणांची झाडे निघतात. पिढीजात वाण बहुतांशी स्वतःसारखाच उगवतो. मात्र 'ब्रँडीवाइन'सारख्या बटाट्यासमान पानांच्या काही वाणांत मधमाश्यांमुळे संकर होऊ शकतो, म्हणून बियाण्याच्या घोसाला फुले उमलण्यापूर्वीच पातळ कापडाची पिशवी बांधावी. निरोगी झाडाचे पूर्ण पिकलेले फळ कापून बिया रसासह वाटीत दोन-तीन दिवस आंबवाव्यात. वरचा साका टाकून, तळाशी बसलेल्या बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात. कागदाला त्या चिकटतात, तेव्हा चिनी मातीची बशी बरी. कोरड्या, थंड जागी हे बी चार-पाच वर्षे उगवणक्षम राहते.