कुकर परत मागवला जातो तेव्हा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कर्नाटकातल्या भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागातल्या घरांत कुकर कधी उदगीर-सोलापूरच्या दुकानातून येतो, कधी आठवडी बाजारातून, तर हल्ली मोबाइलवर मागवून घरपोच. तो सदोष निघाला तर काय करायचं, याविषयी मात्र अनेक चुकीच्या समजुती आहेत.

गैरसमज : रिकॉल, म्हणजे सदोष माल परत मागवणं, फक्त मोटारगाड्यांबाबत होतं.
वस्तुस्थिती : ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २० नुसार कोणतीही धोकादायक वस्तू परत घेऊन ग्राहकाचे पैसे देण्याचा आदेश निघू शकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनवरून विकलेल्या २,२६५ आणि फ्लिपकार्टवरून विकलेल्या ५९८ कुकरांबाबत असाच आदेश दिला; प्रत्येकी एक लाख रुपये दंडही केला. हे कुकर सक्तीच्या मानकात बसत नव्हते.

गैरसमज : कुकर नीट चालतोय, मग परत कशाला द्यायचा?
वस्तुस्थिती : रिकॉलसाठी अपघात घडावा लागत नाही. घरगुती कुकरला आयएस २३४७ हे मानक १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. शिट्टीची वाट डाळीच्या फेसाने बुजली, तर वाफ सेफ्टी व्हॉल्व्हमधून निघून गेली पाहिजे. रोजच्या स्वयंपाकात या व्हॉल्व्हची पाळीच येत नाही. म्हणून त्यातला दोष कळतो तो थेट संकटाच्या वेळी.

गैरसमज : आयएसआयचा शिक्का दिसला की झालं.
वस्तुस्थिती : शिक्का खोटाही असू शकतो. खऱ्या शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून पाहा. उत्पादकाचं नाव जुळलं नाही, तर तिथूनच तक्रार करता येते.

गैरसमज : खरेदी महाराष्ट्रात, म्हणजे दावाही तिकडेच.
वस्तुस्थिती : ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. उदगीरला घेतलेल्या कुकरची तक्रार बीदरला चालते, सोलापूरच्या कुकरची कलबुर्गीला. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोला. तिथे मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात.

गैरसमज : माल सदोष असेल तर कंपनीच आपल्याला शोधत येईल.
वस्तुस्थिती : ऑनलाइन खरेदीत आपला पत्ता विक्रेत्याकडे असतो, म्हणून निरोप पोहोचू शकतो. बिलाशिवाय रोखीने घेतलेला कुकर कोणाच्या घरी गेला, याची नोंद कुठेच नसते. रिकॉल जाहीर झाला तरी तो त्या घरापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून चार पैसे स्वस्त मिळतात म्हणून बिल सोडू नका. त्यावर मॉडेल क्रमांक लिहून घ्या, बिलाचा फोटो काढून ठेवा आणि परवाना क्रमांक तपासूनच कुकर चुलीवर चढवा.