पाडव्याचं वर्ष आणि मार्चअखेर

दिवाळीच्या आधी नगरच्या कापड बाजारात किंवा दाळमंडईत चक्कर मारली, की लाल कापडी बांधणीच्या वह्या अजूनही विकायला मांडलेल्या दिसतात. दुकानांचे हिशेब केव्हाच संगणकावर गेले, तरी लक्ष्मीपूजनाला वही मांडायची, पहिल्या पानावर 'श्री' काढायचं आणि पाडव्याला नवं खातं उघडायचं हा रिवाज टिकून आहे. जुन्या घरांतही घरखर्चाची वही पाडव्यालाच सुरू व्हायची. निवृत्त माणसाच्या घरात मात्र आणखी एक वर्ष चालू असतं, 1 एप्रिल ते 31 मार्च. ठेवींचं व्याज, टीडीएस, आयकराचं विवरणपत्र, सगळं या वर्षाच्या मापाने चालतं. ही दोन्ही वर्षं घरच्या संगणकावर एकाच नोंदींतून कशी सांभाळायची, ते इथे सावकाश सांगतो. मी स्वतः घरचा हिशेब असाच ठेवतो, आणि पेन्शनीत गेलेल्या प्रत्येक घराला त्याचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

आधी अडचण नीट पाहू. 2024 चा दिवाळी पाडवा 2 नोव्हेंबरला होता, 2025 चा 22 ऑक्टोबरला. मधले दिवस 354. त्यानंतरचा पाडवा 10 नोव्हेंबर 2026 चा, म्हणजे मधले दिवस 384. पेन्शन महिन्याच्या पहिल्या तारखेला जमा होते असं धरून मोजलं, तर पहिल्या पाडवा-वर्षात डिसेंबर ते ऑक्टोबर अशा 11 पेन्शनी येतात, आणि दुसऱ्यात नोव्हेंबर ते पुढचा नोव्हेंबर अशा 13. समजा पेन्शन दरमहा 30,000 आणि घरखर्च सरासरी 27,000 आहे. पहिल्या वर्षी 3,30,000 येतात आणि 354 दिवसांत सुमारे 3,14,000 जातात, शिल्लक जेमतेम 16,000. दुसऱ्या वर्षी 3,90,000 येतात, 384 दिवसांत सुमारे 3,41,000 जातात, शिल्लक 49,000. घर तेच, सवयी त्याच. बारा महिन्यांची खरी शिल्लक 36,000 असते आणि ती या दोन्ही आकड्यांत कुठेच दिसत नाही. एका दिवाळीत हात आखडतो, पुढच्या दिवाळीत सैल सुटतो, आणि दोन्ही वेळा कारण पंचांगात असतं.

चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, सौर वर्ष 365 दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवसांची तूट साचत जाते आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना येऊन ती भरून काढतो. 384 दिवसांचं पाडवा-वर्ष म्हणजे ज्यात अधिक मास आला ते वर्ष. 2023 मध्ये श्रावण अधिक होता, 2026 मध्ये 17 मे ते 15 जून हा ज्येष्ठ अधिक आहे. म्हणजे ज्या वर्षात पेन्शनी जास्त दिसतात, त्याच वर्षात जावयाचं धोंड्याचं जेवण, 33 अनारसे, लेकीला साडी, जावयाला कपडे किंवा चांदीचं ताट-निरांजन हा खर्चही येतो. वाढीव दिसणाऱ्या पैशाला त्याच वर्षात काम नेमलेलं असतं. पंचांग आणि पासबुक शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ही गोष्ट लक्षात येत नाही.

आता वहीकडे वळू. देशी नामे पद्धतीत तीन टप्पे असतात. रोजच्या रोज लिहायची ती कीर्द: डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. कीर्दीतली प्रत्येक रक्कम उचलून खात्या-खात्याप्रमाणे लिहायची ती खतावणी. सगळ्या खात्यांच्या बेरजा एकत्र मांडून ताळा पाहायचा ती तेरीज. दुहेरी नोंदीची पद्धत 1494 मध्ये लुका पाचोली यांनी व्हेनिसमध्ये छापून प्रसिद्ध केली. व्यापारी मात्र सगळीकडेच त्याच्या आधीपासून आपापल्या रीतीने असे हिशेब ठेवत होते. वहीतलं सगळ्यांत कष्टाचं काम खतावणीचं. वर्ष बदलून पाहायचं म्हटलं तर सगळी खतावणी पुन्हा लिहावी लागे, म्हणून वहीने एकच वर्ष धरलं.

संगणकावरच्या तक्त्याने ही मेहनत संपवली. 1979 मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिसिकॅल्क हा पहिला लोकप्रिय तक्ता बाजारात आणला. फळ्यावर मांडलेल्या हिशेबातला एक आकडा बदलला की खालचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागतात, हे वर्गात बसून पाहताना ब्रिकलिन यांना ती कल्पना सुचली होती. आज तेच काम एक्सेल करतं आणि फुकट मिळणारं लिब्रेऑफिस कॅल्कही करतं. घरच्या हिशेबाला कॅल्क पुरेसं आहे. त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही.

फाइलमध्ये 'कीर्द' नावाची एकच शीट करा. बारा महिन्यांच्या बारा शीट करू नका. बहुतेक लोक तसंच करतात आणि तिसऱ्या महिन्यात कंटाळतात. कॉलम सहा: तारीख, तपशील, खातं, कोठून, जमा, नावे. 'कोठून' म्हणजे पैसा कुठे हलला: रोख, पेन्शनचं बँक खातं, दुसरी बँक, पोस्ट. एका व्यवहाराला एक ओळ. भाजी रोखीने घेतली तर खातं 'भाजी', कोठून 'रोख', रक्कम नावे. पेन्शन आली तर खातं 'पेन्शन', कोठून 'बँक', रक्कम जमा. वर्ष संपलं म्हणून शीट बदलायची नाही, ओळी खाली वाढत जाऊ द्यायच्या.

एटीएममधून काढलेले पैसे इथे हटकून चुकतात. पाच हजार काढले आणि ते खर्चात लिहिले, नंतर त्याच पाच हजारांतून आणलेला किराणाही लिहिला, की खर्च दोनदा पडला. म्हणून अशा व्यवहाराच्या दोन ओळी लिहायच्या: बँकेतून पाच हजार नावे, रोखीत पाच हजार जमा, आणि दोन्ही ओळींना खातं 'बदली'. ठेव ठेवली किंवा मोडली तरी हीच रीत. फक्त मिळालेलं व्याज वेगळ्या ओळीत 'व्याज' खात्याला जमा करायचं. 'बदली' खात्याची जमा आणि नावे यांची बेरीज नेहमी सारखी यायला हवी. ती आली नाही तर एखादी ओळ राहिली आहे हे समजावं.

तारखेच्या कॉलमला जरा जास्त वेळ द्या, कारण पुढची सगळी इमारत त्यावर उभी आहे. सेलमध्ये तारीख लिहिली की संगणक आतून ती दिवसांच्या संख्येच्या रूपात साठवतो. म्हणूनच एका पाडव्यातून दुसरा वजा केला की 384 हे उत्तर येतं. पण भाषेची सेटिंग अमेरिकी इंग्रजीवर असेल तर 10/11 चा अर्थ 11 ऑक्टोबर होतो. सेटिंगमध्ये मराठी किंवा भारतीय इंग्रजी निवडा. तारीख सेलच्या डावीकडे चिकटून राहिली तर संगणकाने तिला अक्षरं समजून घेतलं आहे. ती पुन्हा टाइप करा. आकडे नेहमीच्या 1, 2, 3 मध्येच लिहा, तपशील आणि खात्यांची नावं खुशाल देवनागरीत.

खात्याचं नाव दर वेळी हुबेहूब एकच हवं. 'किराणा' आणि 'किराना' ही संगणकाला दोन वेगळी खाती वाटतात. शब्दापुढे एक जागा मोकळी सुटली तरी तो वेगळं धरतो. यावर उपाय म्हणजे खात्यांची यादी दुसऱ्या शीटवर लिहून ठेवायची आणि 'डेटा' मेनूतल्या 'व्हॅलिडिटी'ने कीर्दीच्या कॉलमला ती जोडायची. मग सेलवर क्लिक केलं की यादी उघडते, नाव निवडायचं. नोकरीत असताना शिवाजी किंवा सुरेखसारख्या फॉन्टमध्ये केलेल्या फाइली आता उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली होती. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. म्हणून नवी फाइल युनिकोडमध्येच करा. शासकीय सेवेत असताना ज्यांनी एमएस-सीआयटी पूर्ण केलं, त्यांना यातलं काहीच जड जाणार नाही.

आता तेरीज. नवी शीट घ्या. वर दोन सेलमध्ये 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा लिहा. खाली एका कॉलममध्ये सगळी खाती आणि प्रत्येकासमोर सम-इफ्स हे सूत्र. त्याला इतकंच सांगायचं: कीर्दीतला 'नावे' कॉलम बेरीज कर, पण खातं हे असेल आणि तारीख 'पासून' आणि 'पर्यंत' यांच्यामध्ये असेल तरच. तसंच सूत्र 'जमा'साठी. इतकं एकदा बसवलं की वर 22/10/2025 आणि 09/11/2026 लिहिलं तर पाडव्याचं वर्ष समोर येतं. 01/04/2025 आणि 31/03/2026 लिहिलं तर मार्चअखेरचं. कीर्दीला हातही लावावा लागत नाही. दोन पाडवा-वर्षांची तुलना करायची असेल तेव्हा खर्चाला दिवसांनी भागून 365 ने गुणा, आणि पेन्शन बारा महिन्यांचीच धरा.

आपल्या नगर जिल्ह्यात तिसरंही वर्ष आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास उभा राहिला, आणि राहाता, श्रीरामपूर, कोपरगावकडच्या कितीतरी घरांचा हिशेब गळीत हंगामाशी बांधला गेला. साखर वर्ष 1 ऑक्टोबर ते 30 सप्टेंबर. घरात पेन्शनही आहे आणि गावी ऊसही आहे, अशांनी तेरजेत या तारखा घालून पाहाव्यात. उसाचा हप्ता दिवाळीच्या कोणत्या बाजूला आला यावर घराचं चित्र फार बदलतं.

परंपरेच्या खर्चाला 'सण' असं एकच खातं देऊ नका. दर वर्षी येणारा खर्च निराळा: दिवाळी, भाऊबीज, नवरात्र, कुळधर्म, मोहटादेवीची किंवा मढीची जत्रा. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाताना आपल्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा वारकऱ्यांना जेवण घालायची रीत ज्या घरांत आहे त्यांचं 'अन्नदान' याच गटात. आषाढी एकादशी 2025 मध्ये 6 जुलैला होती, 2026 मध्ये 25 जुलैला, हे ध्यानात ठेवून पैसे बाजूला काढावेत. अधिक मासाचा खर्च दुसरा: धोंड्याला 12,000 लागतात असं धरलं तर साधारण 32 महिन्यांत दरमहा 375 रुपये बाजूला पडले पाहिजेत. 2026 नंतरचा अधिक महिना 2029 च्या चैत्रात आहे. तिसरा गट अचानक येणाऱ्यांचा: लग्नं, बारशी, वास्तुशांती. त्यासाठी आहेराची वेगळी शीट करा: नाव, गाव, कार्य, साल, आलेला आहेर, केलेला आहेर. जुन्या घरांत आहेराची वही असायचीच; कोणाकडून काय आलं ते पाहून परतीचा आहेर ठरायचा. ती वही जपून ठेवा आणि तिच्यातली नावं संगणकावर घ्या. पुढच्या पिढीला नातेवाइकांची इतकी बिनचूक यादी दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

मार्चअखेरच्या वर्षात दोन गोष्टी कीर्दीत आपोआप येत नाहीत. मुदतीअंती एकरकमी मिळणाऱ्या ठेवीचं व्याज हाती येत नाही, पण बँक ते दर वर्षी दाखवते आणि ते आयकर खात्याच्या 26-एएसमध्ये किंवा वार्षिक माहितीपत्रकात दिसतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं जानेवारी ते मार्चचं व्याज 1 एप्रिलला जमा होतं, म्हणून ते कोणत्या वर्षात दाखवलं आहे हे तिथे पाहूनच विवरणपत्र भरावं. 1 एप्रिल 2025 पासून ज्येष्ठांना एका बँकेतल्या वर्षाच्या 1 लाखापर्यंतच्या व्याजावर टीडीएस कापला जात नाही; पण कापला नाही म्हणजे कर लागत नाही, असं नाही.

'ठेवी' नावाची शेवटची शीट सर्वांत महत्त्वाची. संस्था, पावती क्रमांक, रक्कम, मुदतपूर्तीची तारीख, नामनिर्देशन. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत मिळून 5 लाखांपर्यंत विमा आहे, तो 4 फेब्रुवारी 2020 पासून. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. आपल्या जिल्ह्यात गावोगावी पतसंस्था आहेत, म्हणून या शीटवर 'विमा आहे / नाही' असा कॉलम असायलाच हवा, आणि 'नाही' समोरची बेरीज घरातल्या सगळ्यांनी एकदा पाहायला हवी. पासवर्ड आणि पिन मात्र या फाइलमध्ये कधीही लिहू नका. फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक मुलाकडे किंवा मुलीकडे. आणि दिवाळीला वर्षाची तेरीज छापून लाल वहीत चिकटवा, तिला हळद-कुंकू वाहा. वीज नसली, संगणक बिघडला, तरी ते पान वाचता येतं.

हे सगळं सुरू करायला पुढच्या पाडव्याची वाट पाहू नका. आज संध्याकाळी घरातली रोकड मोजा, पासबुकं भरून आणा, आणि 'आरंभीची शिल्लक' म्हणून प्रत्येक ठिकाणची एक ओळ लिहा. रोज रात्री कीर्दीतली रोख शिल्लक पाकिटातल्या पैशांशी जुळते का ते पाहा. पत्नीला किंवा पतीला शेजारी बसवूनच पाहा, म्हणजे हिशेब घरातल्या दोघांनाही ठाऊक राहील.