नभोवाणीवर सामान्य माणसाची मुलाखत

मुलाखत म्हटली की मंत्री, नामवंत लेखक, नट अथवा खेळाडू डोळ्यांपुढे येतात. अशा मुलाखतीत श्रोत्याचे कुतूहल आधीच जागे असते. विचारणाऱ्याने साधारण प्रश्न विचारले तरी कार्यक्रम तरून जातो. परंतु ज्याचे नावही कोणी ऐकलेले नाही अशा गवंड्याला, भाजीविक्रेतीला किंवा रेल्वेच्या हमालाला त्याच्या रोजच्या जीवनाविषयी बोलते करावयाचे, तर तेथे नावाचा आधार मुळीच मिळत नाही. सारा भार प्रश्नावर आणि ऐकण्यावर पडतो. परिसर अभ्यासासाठी मुलांना गावातील कारागिरांकडे पाठविणाऱ्या शिक्षकास नेमकी हीच अडचण जाणवते. मुले उत्साहाने प्रश्न विचारून येतात, पण वहीत दोन ओळींपलीकडे काही उतरलेले नसते. दोष मुलांचा नसतो, कारागिराचाही नसतो; बहुधा तो प्रश्नाचा असतो.

नभोवाणीलाही ही कला उपजत आली नाही. आरंभीच्या काळात ध्वनिक्षेपण केंद्रातून जे बोलावयाचे ते आधी लिहून काढून वाचण्याची प्रथा होती. कामगाराला बोलाविले तरी त्याचे भाषण दुसऱ्याने सुधारून दिलेले असे, आणि ते तो अडखळत वाची. इंग्लंडमध्ये बी. बी. सी. च्या मँचेस्टर येथील निर्मात्या ऑलिव्ह शॅपली यांनी १९३० नंतरच्या दशकात ध्वनिमुद्रणाची मोटार बाहेर नेली आणि खाणकामगारांच्या बायका, बेघर माणसे यांचे बोलणे त्यांच्या स्वतःच्या शब्दांत मुद्रित केले. ती मोटार म्हणजे कित्येक टन वजनाचे एक धूडच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हाताने उचलता येईल असे टेपरेकॉर्डर मिळू लागले, तेव्हा कोठे हे काम सुलभ झाले.

या कामात ज्याचे नाव प्रथम घ्यावे असा पुरुष म्हणजे अमेरिकेतील शिकागो शहरचे स्टड्स टर्केल (१९१२–२००८). त्यांचे आईवडील शिकागोत भाड्याच्या खोल्यांचे वसतिगृह चालवीत. तेथे उतरणाऱ्या मजुरांच्या आणि फिरस्त्यांच्या गप्पा ऐकत टर्केल वाढले. १९३४ साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली, परंतु वकिली केली नाही. नभोनाट्यांत कामे केली, दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम चालविला. पुढे राजकीय मतांमुळे त्या क्षेत्राची दारे त्यांना बंद झाली. १९५२ पासून १९९७ पर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षे, शिकागोच्या ‘डब्ल्यू. एफ. एम. टी.’ या केंद्रावरून त्यांचा मुलाखतींचा कार्यक्रम होत असे. त्यात गायक, लेखक, विचारवंत येत, तसे अनोळखी सामान्य लोकही येत. १९६३ च्या ऑगस्टमध्ये नागरी हक्कांसाठी वॉशिंग्टनला मोठा मोर्चा निघाला, तेव्हा टर्केल शिकागोहून निघालेल्या आगगाडीत ध्वनिमुद्रक घेऊन बसले आणि मोर्चासाठी निघालेल्या प्रवाशांशी बोलत गेले. मोर्चातील पुढाऱ्यांची भाषणे जगाने ऐकली होती. आगगाडीतील ही माणसे कोण, कोणत्या आशेने निघाली, हे या मुद्रणामुळे राहिले.

टर्केल यांची रीत पाहण्यासारखी आहे. छापील प्रश्नावली घेऊन ते जात नसत. ज्याच्याकडे जावयाचे त्याच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी जाऊन ते गप्पा सुरू करीत. यंत्रांशी त्यांचे कधी जमले नाही. टेपरेकॉर्डरची कळ दाबण्यातही त्यांची त्रेधा उडे, आणि पुष्कळदा समोरचा मनुष्यच त्यांच्या मदतीला धावे. ही उणीव त्यांच्या पथ्यावर पडली. मोठ्या शहरातील नभोवाणीच्या माणसाला आपणच काही दाखवून दिले, असे झाल्यावर त्या मनुष्याचा संकोच कोठच्या कोठे जाई. शिक्षकाने यातून गबाळेपणा शिकावा असे नव्हे! परंतु विचारणारा मनुष्य सर्वज्ञाच्या थाटात पुढे बसला, तर उत्तर देणारा परीक्षेस बसल्यासारखा बोलू लागतो, हे वर्गात रोज दिसतेच.

‘वर्किंग’ हा त्यांचा ग्रंथ १९७४ साली प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या व्यवसायांतील शंभराहून अधिक माणसे त्यात आपल्या कामाविषयी स्वतःच्या शब्दांत बोलतात. ताटली मेजावर ठेवताना आवाज होऊ न देणे हे आपले कौशल्य आहे आणि त्याचा आपणांस अभिमान आहे, असे त्यात उपाहारगृहातील एक वाढपी स्त्री सांगते. दगडकाम करणारा एक गवंडी म्हणतो की, आपण बांधलेल्या घरावरून जाताना आपली नजर प्रत्येक वेळी त्याकडे वळते. एखादा दगड किंचित वाकडा बसला असेल तर तोही त्याला दिसतो. दुकानातील हिशेबनीस बाईला शेकडो वस्तूंच्या किमती तोंडपाठ आहेत. ‘तुम्ही सुखी आहात काय?’ या प्रश्नाने यांपैकी एकही गोष्ट बाहेर आली नसती. हात काय करतात, डोळा कशावर असतो, चूक कोठे होते, हे विचारले म्हणजे मनुष्य आपल्या ज्ञानाविषयी बोलू लागतो, आणि मग सुखदुःख आपोआप येते. त्या ग्रंथात अपमान आणि कंटाळा यांच्याही कहाण्या पुष्कळ आहेत. कामाचे गोडवे गाणारा तो ग्रंथ नव्हे.

टर्केल एक प्रसंग नेहमी सांगत. शिकागोतील सरकारी चाळीत राहणाऱ्या, लहान मुले असलेल्या एका गरीब बाईची त्यांनी मुलाखत घेतली. आईचा आवाज ऐकण्याचा हट्ट मुलांनी धरला, म्हणून त्यांनी फीत पुन्हा लावली. ती ऐकताना बाईने तोंडावर हात ठेवला. आपल्या मनात असे काही आहे याची आपल्यालाच कल्पना नव्हती, असे ती म्हणाली. आयुष्यात कोणी तरी तिला तिच्याविषयी सविस्तर विचारण्याची बहुधा ती पहिलीच वेळ असावी.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत, आणि ते पोकळ नाहीत. तासभर चाललेले बोलणे कापून त्यातील थोडेच भाग श्रोत्यापुढे येतात. काय ठेवावयाचे हे बोलणारा नव्हे, कापणारा ठरवितो. टर्केल या निवडीला मातीतून सोन्याचे कण वेचण्याची उपमा देत. परंतु एकाला जे सोने वाटते ते दुसऱ्याला तसे वाटेलच असे नाही. स्मृतीही फसवते, सांगितलेले सर्वच घडलेले असते असे नाही. म्हणून अशा मुलाखतीला पुरावा मानण्यापूर्वी अन्य साधनांशी ताडून पाहणे अवश्य असते. मनुष्याला आपले जगणे कसे वाटले, याची साक्ष म्हणून मात्र तिचे मोल उतरत नाही.

२००३ साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात डेव्ह आयसे यांनी ‘स्टोरीकोअर’ नावाच्या उपक्रमाची एक लहानशी खोली उघडली. परस्परांशी परिचित दोन माणसांनी तेथे बसावे आणि चाळीस मिनिटे एकमेकांची मुलाखत घ्यावी, अशी तेथील व्यवस्था होती. संमती असल्यास मुद्रणाची एक प्रत अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, म्हणजे ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये, जतन होते. उद्‍घाटन एक्याण्णव वर्षांच्या टर्केल यांच्या हस्ते झाले. या भव्य स्थानकाचा वास्तुशिल्पी कोण हे ठाऊक आहे, पण विटा कोणी रचल्या आणि फरशा कोणी झाडल्या, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी त्या वेळी विचारला.

महाराष्ट्राचाही या इतिहासाशी दुरून का होईना, संबंध आहे. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने तेथून ‘रेडिओ ग्रामीण मंडळां’चा प्रयोग झाला. पाच मराठी जिल्ह्यांतील दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे बसत, कार्यक्रम ऐकून चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. खेड्याने केवळ ऐकावे असे न मानता खेड्याचे म्हणणेही केंद्रापर्यंत पोचावे, ही त्यातील दृष्टी होती. सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे २००८ साली ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे समाज-नभोवाणी केंद्र सुरू झाले. माणदेशातील माणसांची बोली त्यावरून ध्वनिक्षेपित झाली.

शाळेत हा प्रयोग करण्यास केंद्राची गरज नाही. साधा मोबाइल पुरेसा आहे, तोही नसल्यास वही. मुलांना कुंभाराकडे न्यावयाचे असेल, तर ‘तुमचे काम तुम्हांला आवडते का?’ हा प्रश्न वगळावा. त्याचे उत्तर ‘हो’ असेच येते. ‘माती चांगली हे कशावरून ओळखता?’, ‘मडके कच्चे राहिले हे कसे कळते?’, ‘आवा बिघडला की काय करता?’ असे विचारावे. उत्तर थांबले तर मुलाने लगेच पुढचा प्रश्न पुकारू नये. थोडा वेळ गप्प बसावे. बहुतेकदा खरी गोष्ट त्या शांततेनंतरच निघते, आणि मुलांना सर्वांत अवघड जाते तेही हेच. कारागिराचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. पुस्तकी भाषेत ते फिरविले की अर्धी माहिती गळून जाते, कारण मातीच्या पोताला त्याच्याकडे चार शब्द असतात आणि पाठ्यपुस्तकाकडे एक.

मुद्रण करण्यापूर्वी परवानगी घ्यावी. घरची भांडणे, कर्ज, आजार असे विषय मुलांनी काढू नयेत. सांगणाऱ्याने आपण होऊन काढले तर ते वर्गात वाचू नयेत. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी दिनांक, गाव आणि व्यवसाय मोठ्याने सांगून ठेवावा. वर्गात ऐकविण्यापूर्वी ते प्रथम बोलणाऱ्याला ऐकवावे, आणि त्याने एखादा भाग वगळावयास सांगितले तर कारण न विचारता तो वगळावा.