संख्यांशी मैत्री

पहिली-दुसरीतल्या मुलाला 'त्रेसष्ट' लिहायला सांगितले, की ते कधी कधी ३६ लिहिते. मोठी माणसे त्याला रागावतात. पण चूक का होते, ते पाहा. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी येतो आणि साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी येतो. उर्दूतील 'तिरसठ' हा शब्दही असाच आहे. शिवाय उर्दू आपण उजवीकडून डावीकडे लिहितो, पण संख्या डावीकडून उजवीकडे वाचतो. म्हणून उर्दू शाळेतल्या लहान मुलाला दोन्ही दिशांचे भान ठेवावे लागते.

ही अडचण कमी व्हावी म्हणून २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' या नावाबरोबर 'वीस एक' असेही नाव दिले. त्यावर महाराष्ट्रात खूप वाद झाला. नाव कोणतेही असो, मुलाला संख्या आतून कळली पाहिजे.

त्यासाठी काड्या घ्या. दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे बांधा आणि तीन काड्या सुट्या ठेवा. सहा दशक, तीन एकक, म्हणजे त्रेसष्ट. असे हाताळल्यावर मूल सहसा ३६ लिहीत नाही.

मग दहाच्या जोड्या पाठ कराव्यात : ९ आणि १, ८ आणि २, ७ आणि ३, ६ आणि ४, ५ आणि ५. आता ८ + ७ करताना बोटे मोजायला नकोत. सातातले दोन आठला द्या, दहा झाले. उरले पाच. उत्तर पंधरा. याच रीतीने ३८ + ७ = ४५.

काही नावांतच युक्ती दडलेली असते. 'एकोणतीस' म्हणजे तिसाला एक कमी. उर्दूतील 'उनतीस'ही तेच सांगतो. २९ रुपयांच्या चार वह्या घ्यायच्या आहेत? तीस चोक एकशेवीस, त्यातून चार वजा करा. झाले ११६ रुपये! ८९ ची गंमत तर वेगळीच आहे. मराठीत 'एकोणनव्वद' म्हणजे नव्वदाला एक कमी, तर उर्दूत 'नवासी' म्हणजे ऐंशी आणि नऊ. एकाच संख्येकडे पाहण्याच्या या दोन रीती आहेत.

पाढेही पाठ हवेतच. पण समज असली, तर विसरलेला पाढा पुन्हा उभा करता येतो. सात आठे आठवत नसेल, तर साती साती एकोणपन्नास, त्यात सात मिळवा, छप्पन्न.

जे मूल साध्या बेरजेतच अडकते, त्याला पुढे भागाकार आणि अपूर्णांक अवघड जातात. 'गणित मला येतच नाही,' असे ते मनाशी ठरवून टाकते. असे होऊ नये. घरी लहान भावंड असेल, तर रोज दहा मिनिटे त्याच्याबरोबर बसा. उत्तर चुकले तर रागावू नका. 'हे उत्तर कसे काढलेस?' असे विचारा आणि ते काय सांगते, ते शांतपणे ऐका.