मनगटावरचे घड्याळ नेमके कुणाचे?

हजार-दोन हजारांचे स्मार्टवॉच आता घरोघरी दिसते. पावले मोजते, नाडीचे ठोके दाखवते, फोन आला की थरथरते. पण ते चालवायला बहुधा कंपनीचे ॲप घ्यावे लागते, खाते उघडावे लागते आणि आपल्या झोपेची, ठोक्यांची नोंद अनेकदा कंपनीच्या सर्व्हरवर जाते. उद्या कंपनीच बंद पडली तर?

हे घडलेले आहे. २०१२ मध्ये 'पेबल' घड्याळासाठी लोकांनी किकस्टार्टरवर एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. २०१६ च्या अखेरीस कंपनी बंद झाली, तिचे सॉफ्टवेअर फिटबिटने घेतले आणि २०१८ मध्ये ऑनलाइन सेवा थांबल्या. घड्याळे धडधाकट होती. मागचा आधार गेला. तेव्हा 'रीबल' या स्वयंसेवी गटाने पर्यायी सेवा उभ्या केल्या. पुढे फिटबिट गूगलकडे आली आणि जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलच्या प्रणालीचा बहुतांश मूळ कोड खुला केला.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे केवळ फुकट नव्हे. ते हवे तसे वापरणे, आत काय आहे ते पाहून बदलणे, प्रती वाटणे आणि सुधारलेली आवृत्तीही वाटणे, हे चार हक्क त्यात येतात.

सामान्य ग्राहकाला दोन वाटा आहेत. पहिली, 'गॅजेटब्रिज' हे अँड्रॉइडवरचे मुक्त ॲप. शाओमी, अमेझफिट यांच्या अनेक घड्याळांशी ते जोडले जाते आणि नोंदी फोनमध्येच ठेवते. मात्र काही मॉडेलांना जोडणीची किल्ली मिळवण्यासाठी एकदा कंपनीचे खाते उघडावेच लागते. दुसरी, 'पाइनटाइम' हे सुमारे २७ डॉलरचे घड्याळ. ते 'इन्फिनिटाइम' या मुक्त प्रणालीवर चालते. त्यात फक्त ६४ केबी रॅम आहे, त्यामुळे चकचकीत सोयींची अपेक्षा नको. ते परदेशातून मागवावे लागते, तेव्हा टपालखर्च आणि सीमाशुल्कही हिशेबात धरावे.

आपल्या दृष्टीने आणखी एक मुद्दा. अनेक स्वस्त घड्याळांवर मराठी संदेश नुसते चौकोन होऊन येतो. बंद प्रणालीत कंपनीची वाट पाहण्यावाचून इलाज नाही. खुल्या प्रणालीत एखादा जाणकार देवनागरी अक्षरे आणि जोडाक्षरांची सोय करायला बसू शकतो, आणि एकाने केलेले काम सर्वांना मिळते.

म्हणून पुढचे घड्याळ घेताना किमतीसोबत दुकानदाराला एवढे जरूर विचारा: कंपनीचे खाते न उघडता यातले काय काय चालेल?