परसांतील हौद हिरवा पडतो तेव्हां

वऱ्हाडांतील जुन्या बागायतदाराच्या परसांत किंवा बागेच्या कडेस एखादा पक्का हौद हटकून असे. विहिरीवर मोट चाले, मोटेचें पाणी हौदांत पडे व तेथून पाटानें बागेस जाई. गुरें त्यावर पाणी पीत, आणि उन्हाळ्यांत घरचीं व शेजारचीं मुलें त्यांतच पोहावयास शिकत. पुढें विजेचे पंप आले, ठिबकाच्या नळ्या आल्या, पाणी थेट झाडाच्या बुडाशीं जाऊं लागलें, आणि हौद मागें पडला. अमरावती व अकोला जिल्ह्यांत असे हौद हिरवेगार पाणी पोटांत घेऊन आजही पडून आहेत. २०१६ सालीं सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळें’ या योजनेंत व तिच्या आगेंमागें जीं तळीं खोदलीं गेलीं, त्यांपैकीं ज्यांची निगा राहिली नाहीं त्यांचीही हीच गत झाली आहे.

आमच्या परसांत असाच एक हौद आहे. लांबी १० मीटर, रुंदी ५ मीटर, पाण्याची खोली दीड मीटर. म्हणजे भरला असतां ७५,००० लिटर पाणी. मागील एका एप्रिलांत आमच्या सालदाराचा आठ वर्षांचा मुलगा चेंडू काढावयास त्याच्या पायऱ्या उतरला. तिसऱ्या पायरीवरील शेवाळावरून पाय सुटला व तो पाण्याखालीं गेला. पाणी काय तें दीड मीटर; पण मूल कोठें आहे हें कांठावरून कोणासही दिसेना. त्याच्या बापानें उडी घेतली व चांचपून त्यास वर काढलें. मूल वांचलें. तोंपर्यंत हिरवें पाणी ही आम्हांस केवळ दिसण्यांतली उणीव वाटत होती. ज्या पाण्याचा तळ दिसत नाहीं त्यांत बुडणारा माणूसही दिसत नाहीं, हें आम्ही त्या दिवशीं शिकलों. दोष सर्वस्वीं आमचा होता, म्हणून ही हकीकत सांगण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं. त्यानंतर हौद निर्मळ करण्यासाठीं जें केलें व त्यांत ज्या चुका झाल्या, त्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

हिरवेपणा कशाचा?

पाण्याचा हा रंग त्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांचा असतो. आपल्या वऱ्हाडांतील लोणारचें सरोवर अशाच जिवांमुळें हिरवें दिसतें; जून २०२० मध्यें तेंच गुलाबी झालें, तेंही खारट पाण्यांत वाढणाऱ्या दुसऱ्या जातीच्या सूक्ष्म जिवांमुळें. हौदांतील शेवाळ ही एका अर्थानें वनस्पतीच होय. पिकास जें लागतें तेंच तिला लागतें: ऊन, पाणी, नत्र व स्फुरद. पहिलीं दोन आपल्याकडे फुकट आहेत. शेवटचीं दोन बहुधा आपणच नकळत पुरवितों.

त्यांतही स्फुरदाचें महत्त्व किती, हें कॅनडांतील एका प्रयोगानें दिसून आलें. ऑन्टेरिओ प्रांतांतील २२६ क्रमांकाच्या तळ्याच्या मध्यावर १९७३ सालीं डेव्हिड शिंडलर व त्यांचे सहकारी यांनीं आडवा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कर्ब व नत्र घातलें. एका भागांत मात्र त्यांच्या जोडीस स्फुरदही घातलें. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला.

शेतकऱ्यानें हा हिशेब आपल्या पोत्यावर करून पाहावा. साधें सुपर फॉस्फेट १६ टक्क्यांचें असतें. हे १६ टक्के ऑक्साइडच्या रूपानें मोजलेले असतात. मूळ स्फुरद त्यांत सुमारें ७ टक्के. एक किलो स्फुरदावर ३०० ते ५०० किलो ओलें शेवाळ पोसलें जाऊं शकतें, असा सर्वसाधारण अंदाज आहे. म्हणजे १०० ग्रॅम सुपर फॉस्फेट, ओंजळभरही नव्हे, हौदांत गेलें तर दोन ते साडेतीन किलो शेवाळाची सोय झाली. आमच्याकडे ठिबकाची खताची टाकी हौदाच्या कांठावरच धुतली जात असे. पावसाळ्यांत गोठ्याचें धुवण उताराबरोबर हौदांत येई. वर कडुनिंबाचें झाड. त्याची पानगळ दरवर्षी तळाशीं कुजे. शेवाळास याहून चांगला मळा कोण देणार?

प्रथम पाणी ओळखावें

उपाय करण्यापूर्वी एक काठी पाण्यांत फिरवावी. काठीस केंसांसारखे धागे गुंडाळले गेले तर तें तंतुमय शेवाळ. तें जाळ्यानें ओढून निघतें. काठीवर तेलरंग फांसल्यासारखा थर बसला व पाण्यास उग्र दर्प असला, तर निळ्या-हिरव्या जातीचा संशय धरावा. अशा वेळीं कांचेची बरणी तीन चतुर्थांश भरून रात्रभर न हलवितां ठेवावी. सकाळीं हिरवा थर वर तरंगलेला दिसला तर संशय बळावला असें समजावें. या जातींपैकीं कांहीं विषारी असतात. तें पाणी पिऊन जनावरें दगावतात. म्हणून त्या हौदावर गुरें जाऊं देऊं नयेत व मुलांसही पाण्यास शिवूं देऊं नये.

हौद रिकामा करावा काय?

आमची पहिली चूक येथें झाली. पंप लावून हौद एकदम उपसून टाकावा, असें आम्हीं ठरविलें होतें. एका जुन्या गवंड्यानें थांबविलें म्हणून बरें. वऱ्हाडची काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व भिंतीवर बाहेरून दाब देते. भूजल वर आलेलें असलें तर तें फरशीस खालून उचलतें. आंतलें पाणी या दोहोंस तोलून धरीत असतें. म्हणून पक्का हौद रिकामा करावयाचा तर चैत्र-वैशाखांत, जमीन खोलवर वाळलेली असतांना करावा. पावसाळ्यांत कधींही करूं नये. प्लास्टिकचें अस्तर असलेलें तळें तर पूर्ण कोरडें करूंच नये. उघडें अस्तर उन्हानें कडक होतें व वाऱ्यानें उचललें जाऊन फाटतें.

शिवाय पाण्याचें मोल आहेच. सहा मीटर अंतरावर लावलेल्या संत्र्यांच्या एका हेक्टरांत २७७ झाडें बसतात. आमच्या हौदाचें पाणी त्यांस वांटलें तर झाडामागें सुमारें २७० लिटर येतें; भर उन्हाळ्यांत मोठ्या झाडाची ती दोनेक दिवसांची सोय होय. वरूड-मोर्शीकडे, जेथें बोअरचें पाणी वर्षानुवर्षें खोल चाललें आहे, तेथें हें पाणी ओढ्यांत सोडणें परवडणारें नाहीं. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत तर जमिनीखालचें पाणीच खारें. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूंस पावसाचें सांठविलेलें गोड पाणी हाच पिकाचा आधार आहे. तेथें हिरवें पाणी फेकण्यापूर्वी तें सुधारतां येईल काय, हें आधीं पाहिलें पाहिजे.

प्रत्यक्ष कृति

१. गाळ. प्रथम पृष्ठभागावरील शेवाळ व पानें जाळीनें काढावींत. पायऱ्या व भिंती ताठ झाडूनें खरवडाव्यात. मग पाणी निवळूं देऊन तळचा गाळ उपसावा. आमच्या हौदांत वीतभर काळा गाळ निघाला. हा गाळ तसाच ठेवून वर कितीही औषध टाकलें तरी फळ नाहीं. त्यांतील स्फुरद पुनः पाण्यांत उतरतें. पाण्यांत जी घाण तीच वावरांत खत होय. गाळ वाळवून झाडांच्या आळ्याच्या बाहेरच्या कडेस पसरावा. बुंध्याशीं लावूं नये, नाहीं तर तेथें ओल राहून डिंक्या रोगास वाव मिळतो. २०१७ सालच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमागें हेंच तत्त्व मोठ्या प्रमाणावर होतें. काम दोघांनीं मिळून करावें व उतरणाऱ्याच्या कमरेस दोर असावा. झांकलेल्या टाकींत किंवा विहिरींत मात्र गाळ काढण्यास असेंच उतरूं नये. तेथें विषारी वायु सांठलेला असतो.

२. ब्लीचिंग पावडर. शेवाळ मारण्यासाठीं दर लिटरास १० मिलिग्रॅम क्लोरीन आम्हीं धरला. ७५,००० लिटरांस तो ७५० ग्रॅम होतो. पावडर ३० टक्के जोराची असल्यास अडीच किलो लागली. जुन्या, ओल लागलेल्या पावडरीचा जोर उतरलेला असतो, म्हणून ताजी आणावी. बादलींत आधीं पाणी घ्यावें, मग त्यांत पावडर कालवावी; चुना खालीं बसूं द्यावा व वरची निवळी हौदभर शिंपावी. हें काम सूर्यास्तानंतर करावें. आम्हीं पहिल्यांदा दुपारीं केलें, आणि उन्हानें क्लोरीन उडून जाऊन सगळी मेहनत वायां गेली. पावडरीचा ॲसिडाशीं किंवा युरियासारख्या नत्रखताशीं संपर्क येऊं देऊं नये. त्यांतून घातक वायु निघतात. खताच्या खोलींत तर ती ठेवूंच नये. क्लोरीन घातलेल्या पाण्यांत मासे जगत नाहींत, हेंही ध्यानांत असावें.

३. तुरटी. मेलेलें शेवाळ पाण्यांत तरंगत राहतें व पाणी दुधट दिसतें. तें तळीं बसविण्यास तुरटी. प्रमाण अंदाजानें घेऊं नये. एक लिटर पाण्यांत १० ग्रॅम तुरटी विरघळवावी. हौदाच्या पाण्याच्या चार लिटरभर बाटल्या भरून त्यांत या द्रावणाचे अनुक्रमें २, ३, ४ व ५ मिलिलिटर घालावे, ढवळावें व तासभर ठेवावें. ज्या बाटलींत कमींत कमी तुरटीनें पाणी निवळलें तें प्रमाण घ्यावें. आमच्याकडे तें लिटरास ३० मिलिग्रॅम ठरलें, म्हणजे सव्वादोन किलो. द्रावण शिंपून बांबूनें सावकाश ढवळलें व रात्रभर पाण्यास हात लावला नाहीं. सकाळीं तळाशीं बसलेला थर पंपाच्या पाईपानें हलकेच ओढून काढला. तुरटीचा आणखी लाभ असा कीं, पाण्यांतील स्फुरदही ती कांहीं अंशीं बांधून तळीं नेते.

मोरचुदाविषयीं पुष्कळ जण विचारतात. बोर्डो मिश्रणामुळें तो प्रत्येक संत्राबागेंत असतोच, आणि शेवाळ त्यानें मरतें हें खरें. पण माशांस तो घातक आहे, त्यांतील तांबें गाळांत सांठत जातें, आणि निळ्या-हिरव्या जातीवर टाकल्यास ती फुटून तिचें विष एकदम पाण्यांत मिसळतें. घरच्या हौदास त्याची शिफारस आम्ही करीत नाहीं.

पाणी बागेस देण्यापूर्वी दोनतीन दिवस उन्हांत राहूं द्यावें, म्हणजे क्लोरीन निघून जातो. ठिबकास द्यावयाचें तर वाळूची गाळणी हवीच. शेवाळाचा एक धागा तोटीचें भोंक बुजविण्यास पुरतो.

पुनः हिरवा पडूं नये म्हणून

वरील श्रम आम्हीं दोनदां केले, कारण पहिल्या वेळीं मूळ कारण तसेंच राहिलें होतें. सहा आठवड्यांत पाणी पुनः हिरवें झालें. मग खताची टाकी धुण्याची जागा हलविली. गोठ्याचें धुवण चर खणून वावराकडे वळविलें. हौदांत येणाऱ्या पाटाच्या तोंडाशीं गाळ थांबविणारा लहान खड्डा बांधला. निंबाच्या हौदावर आलेल्या फांद्या छाटल्या.

उरला सूर्यप्रकाश. त्याविषयीं आपल्या पूर्वजांस पुरती जाणीव होती. अकोट तालुक्यांतील नरनाळा किल्ल्यावर लोक ज्यांस तेला-तुपाचीं टाकीं म्हणतात, तीं दगडी टाकीं वरून झांकलेलीं आहेत. जेथें ऊन नाहीं तेथें शेवाळ नाहीं. आम्हीं हिरव्या जाळीचें छत हौदाच्या अर्ध्या भागावर घातलें. बाष्पहि कमी उडूं लागलें.

आणि सर्वांत महत्त्वाचें: आमच्या हौदाच्या तळाशीं मध्यावर आतां एक पांढरा दगड ठेवला आहे. रोज सकाळीं तो कांठावरून स्पष्ट दिसला तरच मुलांनीं, तेंही मोठ्या माणसाच्या देखत, पाण्यांत उतरावें असा घरचा नियम आहे. हौदास कुंपण घातलें, पायऱ्यांशीं गांठी मारलेला दोर कायमचा बांधला. प्लास्टिकच्या अस्तराच्या शेततळ्यास तर हें दोन्ही अवश्य हवें, कारण त्याच्या निसरड्या उतारावरून पट्टीचा पोहणाराही वर येऊं शकत नाहीं. अशा तळ्यांत मुलें बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यांत वाचाव्या लागतात.

अचलपूरच्या पश्चिमेस हौज कटोऱ्याचा मनोरा अद्याप उभा आहे. भोंवतालच्या हौदाची कळा मात्र केव्हांच गेली. राजेरजवाड्यांच्या हौदांची जर ही स्थिति, तर आपल्या परसांतल्या हौदाकडे आपल्यावांचून कोण पाहणार? आठवड्यास अर्धा तास, एक जाळी व एक झाडू इतकेंच त्याचें मागणें आहे. शेंडगांवीं जन्मलेल्या गाडगे महाराजांनीं हातीं झाडू घेऊन गांवोगांव जें शिकविलें, त्याची सुरुवात आपल्या हौदाच्या पायरीपासून करावयास हरकत नाहीं. सालदाराचा तो मुलगा आतां आमच्या हौदांत पोहावयास शिकला आहे. पाण्यांत उतरण्यापूर्वी पांढरा दगड दिसतो कीं नाहीं, हें तो आमच्याही आधीं पाहतो.